साक्षीचं समन्स आलंय, गेलं नाही तर काय होईल? गोव्यातल्या कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टात जाणाऱ्या बायकांना सोबत करण्याचं काम मी उत्तर गोव्यात करते. नवऱ्याने केलेली मारहाण पोलीस स्थानकात जाऊन धीटपणे सांगितलेली बाईसुद्धा दीड-दोन वर्षांनी दारात हवालदार समन्स घेऊन उभा राहिला की गडबडते. तोवर कुणी माहेरी स्थिरावलेली असते, कुणी परत नांदायला गेलेली असते, कुणाला ते दिवस आठवायचेच नसतात. मग तो कागद पिठाच्या डब्याखाली जातो, तारीख उलटते आणि पुढच्या खेपेला वॉरंट येतं. बहुतेक वेळा हे एका अर्जावर टळलं असतं. म्हणून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कलमांचे आकडे मुद्दाम दिले आहेत. पोलिसांशी किंवा वकिलाशी बोलताना ते हाताशी असलेले बरे.

समन्स आलं म्हणजे माझ्यावर केस झाली का?

कागदावर तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते आधी बघा. गोव्यातल्या कोर्टांचे कागद बहुधा इंग्रजीत असतात. कुणाकडून वाचून घ्यावे लागले तर संकोच करू नका. ‘विटनेस’ असं लिहिलेलं असेल तर तुम्ही साक्षीदार आहात आणि तुमच्यावर कसलाही आरोप नाही. ‘अक्युज्ड’ असेल तर गोष्ट वेगळी, त्याच दिवशी वकील गाठा. साक्षीदाराच्या समन्सवर ‘स्टेट’ विरुद्ध तुमच्या नवऱ्याचं किंवा सासरच्यांचं नाव असतं, शिवाय केस नंबर, कोर्टाचं नाव, तारीख आणि वेळ. घडलं ते न्यायाधीशांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तक्रार माझी, मग ‘मला आता नको’ म्हटल्यावर केस बंद का होत नाही?

एफआयआर नोंद झाली, आरोपपत्र कोर्टात गेलं, की केस सरकारची होते. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा गुन्हा आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९८अ लागतं. दोन्हीत शिक्षा ३ वर्षांपर्यंत, आणि तालुक्याच्या कोर्टात आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत हा गुन्हा नाही.

हे अनेकींना जाचक वाटतं. मला मात्र यामागचं कारण पटतं. बाईच्या एका सहीवर केस संपत असती तर ती सही मिळवण्यासाठी घरात तिचं काय झालं असतं, याची कल्पना आपल्याला आहे.

मी गेलेच नाही तर क्रमाने काय काय होतं?

तारखेला तुमच्या नावाचा पुकारा होतो. तुम्ही नसलात की न्यायाधीश समन्स बजावल्याचा अहवाल बघतात. समन्स तुमच्यापर्यंत पोचलंच नसेल तर नवं समन्स निघतं, तुमच्या वाट्याला काही येत नाही.

पोचलेलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम ९० येतं. हे कलम नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. गैरहजर साक्षीदाराविरुद्ध वॉरंट काढायचं तर तीन गोष्टी लागतात. समन्स रीतसर बजावलेलं असलं पाहिजे, ते वेळेवर बजावलेलं असलं पाहिजे, आणि न येण्याचं वाजवी कारण कोर्टापुढे आलेलं नसलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. तिसरी पूर्णपणे तुमच्या हातात आहे. तारखेच्या आधी, निदान त्या सकाळी, कारण लिहून पाठवलं की वॉरंटचा पायाच ढिला होतो. मात्र साक्षीदार फरार झाला आहे किंवा समन्स मानणारच नाही असं कोर्टाला सकारण वाटलं, तर ते थेटही वॉरंट काढू शकतं. लपून बसणं म्हणूनच धोक्याचं.

कारण आलंच नाही तर बहुधा आधी जामीनपात्र वॉरंट निघतं. पोलीस घरी येतात, वॉरंटवर एक रक्कम लिहिलेली असते, तेवढ्याचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) तुम्ही लिहून द्यायचा, कधी एखादा जामीनदार द्यायचा, आणि पुढच्या तारखेला येईन असं कबूल करायचं. पोलीस तुम्हाला तिथेच सोडतात. त्यानंतरही गेला नाहीत तर मुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते आणि अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. ते निघालं की पोलीस ताब्यात घेऊन कोर्टापुढे उभं करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या इंदर मोहन गोस्वामी निकालात आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून अजामीनपात्र, असा क्रम घालून दिला आहे. तुमच्या बाबतीत पहिल्याच गैरहजेरीला अजामीनपात्र वॉरंट निघालं असेल तर या निकालाकडे वकिलाने बोट दाखवायला हवं.

खरंच तुरुंगात टाकतात का? मी तर मार खाल्लेली बाई!

कायद्यात शिक्षा आहे, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. न्याय संहितेच्या कलम २०८ प्रमाणे कोर्टाचं समन्स मिळूनही जाणूनबुजून न जाणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत साधी कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समन्स हातात पडू नये म्हणून लपून राहणं हा कलम २०६ खाली वेगळा गुन्हा आहे आणि शिक्षा तेवढीच. पीडित म्हणून वेगळी सूट कायद्याने दिलेली नाही.

पण २०८ ची केस शेजारी, सासू किंवा नवऱ्याचा वकील करू शकत नाही. ज्या कोर्टाचा हुकूम मोडला, त्याच कोर्टाची लेखी तक्रार त्यासाठी लागते. साधा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८९ चा आहे: ‘का आला नाहीत’ असं विचारून, तुमचं म्हणणं ऐकून ५०० रुपयांपर्यंत दंड. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली चालू राहिलेल्या खटल्यांत हाच दंड १०० रुपये आहे. ज्या बायकांसोबत मी कोर्टात उभी राहिले, त्यांच्यापैकी कुणाला २०८ खाली शिक्षा झालेली मी पाहिली नाही. वॉरंटमुळे बसलेला धक्का मात्र कितीतरी वेळा पाहिला आहे. शेजाऱ्यांदेखत दारात पोलिसांची गाडी थांबणं, मुलांनी ते बघणं, हेच पुष्कळ असतं.

माझा तर नुसता डीव्ही कायद्याखालचा अर्ज आहे. तिथेही वॉरंट येतं का?

हा घोळ सर्वांत जास्त होतो, म्हणून सावकाश वाचा.

डीव्ही कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ खाली तुम्ही संरक्षण, राहतं घर, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा किंवा भरपाई मागता. तिथे अर्जदार तुम्ही असता. नोटीस नवऱ्याला जाते. तुम्ही तारखांना गेला नाहीत म्हणून तुम्हाला पकडायला कुणी येत नाही. पण अर्ज गैरहजेरीत फेटाळला जाऊ शकतो, आणि त्यावर उभा असलेला अंतरिम आदेशही जातो. म्हणजे दरमहा मिळणारा खर्च, घरात राहण्याचा हक्क, नवऱ्याने जवळ येऊ नये हा मनाई आदेश, सगळं. दुसरी अडचण अशी की शपथपत्रावर पुरावा दिल्यानंतर उलटतपासणीला गेलाच नाहीत, तर त्या शपथपत्राची किंमत जवळजवळ उरत नाही. फेटाळल्याच्या आदेशाविरुद्ध कलम २९ प्रमाणे ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं.

याउलट ४९८अ, कलम ८५, मारहाण, धमकी यांचा पोलीस खटला असेल तर तुम्ही साक्षीदार, आणि वर सांगितलेला समन्स-वॉरंटचा सगळा प्रकार लागू. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला म्हणून डीव्ही कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा चालू असेल तर तोही फौजदारीच. एकाच बाईच्या दोन्ही केसेस एकाच कोर्टात, एकाच न्यायाधीशापुढे चालू असणं गोव्यात नवल नाही. दोन्हींचे नंबर एका वहीत वेगवेगळे लिहून ठेवा.

पोलीस स्थानकातून फोन आला, ‘उद्या येऊन जबानी द्या’. न जाणं गुन्हा आहे का?

फोन म्हणजे समन्स नव्हे. तपासासाठी साक्षीदाराला बोलवायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो, आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की महिलेला ती राहते त्या जागेशिवाय दुसरीकडे हजर व्हायला सांगता येणार नाही. जबानी घ्यायला पोलिसांनी तुमच्याकडे यायचं. घरी सासरचे असल्यामुळे तुम्हालाच स्थानकात बोलणं सोयीचं वाटत असेल तर स्वखुशीने जाता येतं. महिला कक्षातल्या समुपदेशनाचं बोलावणंही समन्स नाही.

समन्स सासूच्या हातात दिलं. मला तारीख उलटल्यावर कळलं. आता?

तुम्ही घरी सापडला नाहीत तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीकडे समन्सची प्रत देता येते. जुन्या कायद्यात तो प्रौढ ‘पुरुष’ असावा लागे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ ने ती अट काढली. सुधारणा चांगलीच आहे, पण आपल्या विषयात तिची एक बाजू बोचरी आहे: ज्या घरात बाईला मारलं, त्याच घरातल्या माणसाच्या हातात तिचं समन्स पडू शकतं आणि कागदोपत्री ते ‘बजावलं’ ठरू शकतं. सत्तरीतल्या एका बाईचं समन्स देवाच्या तसबिरीमागे तीन आठवडे पडून होतं. तिला कळलं ते झाडलोट करताना.

असं झालं असेल तर गप्प राहू नका. समन्स कुणी घेतलं, तुम्हाला कधी आणि कसं कळलं, हे तारखेनिशी लिहून कोर्टात अर्ज द्या. वॉरंट निघालेलं असलं तरी हे कारण वाजवीच आहे. कुणी मुद्दाम समन्स बजावू दिलं नाही किंवा दाराला चिकटवलेलं फाडून टाकलं, तर न्याय संहितेच्या कलम २०७ प्रमाणे गुन्हा त्या माणसाचा होतो.

आणि घर सोडलं असेल तर नवा पत्ता व फोन नंबर तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी कळवून पोच घ्या. पत्ता नवऱ्याच्या बाजूला कळू नये असं वाटत असेल तर तेही त्याच अर्जात लिहा.

व्हॉट्सअॅपवर समन्स आलं. खरं मानू का?

खरं असू शकतं. नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक समन्सची सोय आहे, मात्र त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही हवी. केस नंबर किंवा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर ई-कोर्ट्सच्या अॅपवर घालून बघा. तारीख जुळली तर समन्स गांभीर्याने घ्या. पैसे मागणारा, व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाली म्हणून सांगणारा माणूस चोर आहे. तशी अटक आपल्या कायद्यात नाही.

इंटरनेटवर ‘सबपीना’ म्हणतात ते हेच का? तिथे लिहिलंय की पीडितेला तुरुंगात टाकता येत नाही.

अमेरिकेतला तो शब्द आपल्याकडच्या साक्षीदाराच्या समन्ससारखाच. कॅलिफोर्नियात साक्ष द्यायला नकार देणाऱ्या कौटुंबिक हिंसाचारपीडितेला त्या अवमानासाठी कैदेत टाकता येत नाही, असा नियम आहे. तो तिथला. म्हापशाच्या कोर्टात तो सांगून उपयोग नाही.

आमचा समेट झाला आहे, मी परत नांदते आहे. आता कशाला जाऊ?

जावंच लागेल, निदान आणखी काही तारखा. केस कायमची संपवायची असेल तर रस्ता पर्वरीला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दोघांनी मिळून अर्ज करायचा. समेट खरा आहे आणि बाई दबावाखाली बोलत नाही, अशी खात्री पटली तर उच्च न्यायालय असा खटला रद्द करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात आणि २०१२ मध्ये ज्ञान सिंग प्रकरणात हे मान्य केलं आहे. असा अर्ज केला असेल तर त्याची प्रत तालुक्याच्या कोर्टात देऊन पुढची तारीख मागता येते. अर्ज न करता नुसतं घरी बसणं, हा मात्र समेट कोर्टाला कळवण्याचा मार्ग नाही.

इथे एक गोष्ट मी प्रत्येकीला हात धरून सांगते. ‘मला आता ही केस पुढे न्यायची नाही’ हे वाक्य खरं आहे, ते कोर्टात मोकळेपणाने बोलता येतं. ‘त्याने मला कधी मारलंच नाही’ हे वाक्य खोटं असेल तर ते शपथेवर बोलणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत. पहिलं बोलायला गेलेल्या बाईकडून दुसरं वदवून घेण्याचा प्रयत्न बहुतेक समेटांत होतो. नवऱ्याकडच्यांनी वाक्यं पाठ करायला दिली असतील तर तारखेआधी सरकारी वकिलांना भेटा आणि तसं सांगा. जबानीपासून पलटलात तर सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून तुमचीच उलटतपासणी घेण्याची परवानगी मागू शकतात. आणि पुढे पुन्हा मारहाण झाली, तर ‘काही घडलंच नव्हतं’ हे तुमचंच वाक्य तुमच्यापुढे धरलं जाईल.

त्याची भीती वाटते. कोर्टाबाहेर बघून घेईन म्हणाला.

मग ही भीतीच न जाण्याचं ‘वाजवी कारण’ म्हणून कोर्टापर्यंत पोचली पाहिजे, आणि ती पोचवायला कागद लागतो.

साक्षीदाराला खोटं बोलण्यासाठी धमकावणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मेसेज, कॉलची नोंद, ऐकलेल्या माणसाचं नाव जपून ठेवा. नवरा जामिनावर असेल तर हीच माहिती सरकारी वकिलांना द्या, जामीन रद्द करायचा अर्ज ते करू शकतात. डीव्ही कायद्याच्या कलम १८ खालचा संरक्षण आदेश घेतला असेल आणि तो मोडून नवरा तुमच्या वाटेवर आला, तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. तत्काळ धोका असेल तर ११२, मदत आणि आसऱ्यासाठी महिलांची हेल्पलाइन १८१.

याशिवाय साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने महेंदर चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी ती देशभर लागू केली, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याचं बंधन घातलं. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. पोलिसांनी धोक्याचा अहवाल ५ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. कोर्टापर्यंत पोलिसांची सोबत, घराभोवती गस्त, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणं, बंद दाराआड सुनावणी, असे उपाय त्यात आहेत. एका वेळी ३ महिन्यांपर्यंत संरक्षण मिळतं, गरज असेल तर पुढे वाढवून मागायचं. ही योजना फक्त गुंडांच्या टोळ्यांविरुद्धच्या साक्षीदारांसाठी आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जिवाला धोका असलेली पत्नीही साक्षीदारच असते.

जानेवारी २०२२ मध्ये स्मृती बडदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘असुरक्षित साक्षीदार’ कोण, याची व्याख्या रुंदावली. संरक्षण योजनेप्रमाणे धोका असलेले साक्षीदार तीत येतात, आणि न्यायाधीशांना तसं वाटेल असा कुठलाही साक्षीदार. अशांची साक्ष वेगळ्या खोलीत, पडद्याआडून घेता येते. एवढं काही नको असेल तर निदान ‘तो मला दिसणार नाही अशा जागी उभी राहू द्या’ असं न्यायाधीशांना थेट म्हणा. मी असं म्हणणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, आणि न्यायाधीशांनी ऐकलेलंही पाहिलं आहे.

त्या दिवशी खरंच जमण्यासारखं नाही. आजार आहे, बाळंतपण आहे, चवथ आहे.

आजार आणि बाळंतपणाला डॉक्टरचा दाखला जोडून आधी अर्ज द्या. सरकारी वकिलांमार्फत किंवा विधी सेवेच्या (मोफत) वकिलामार्फत दिलात तर उत्तम. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराची साक्ष कमिशन नेमून, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून, दुसरीकडे घेण्याचीही सोय आहे. चवथीला कोर्टाला सुट्टी असते, पण मागचे-पुढचे दिवस कामाचे असू शकतात. ‘गावी गेले होते’ हे कारण नंतर सांगितलं तर फारसं चालत नाही, आधी कळवलं तर पुष्कळदा चालतं.

मी आता सावंतवाडीला माहेरी असते. माझी मैत्रीण तर परदेशात आहे.

गोव्याबाहेर राहत असाल तर समन्स तिथल्या कोर्टामार्फत येऊ शकतं आणि ते तितकंच बंधनकारक असतं. येण्याजाण्याचा खर्च सरकारने द्यावा असा आदेश कोर्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५० खाली देऊ शकतं. तिकिटं जपून ठेवा आणि साक्ष झाल्यावर भत्ता मागा, मागितल्याशिवाय बहुधा कुणी आठवण करून देत नाही. दूर राहणाऱ्यांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष मागता येते. प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं होतं, नव्या संहितेत तर त्याची स्पष्ट तरतूद आहे. दुबई किंवा इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या बाईने विमानाच्या तिकिटाच्या खर्चाला घाबरून गप्प राहण्याऐवजी हा अर्ज करावा.

वॉरंट निघालंच आहे. आता लपू की जाऊ?

जा. पोलिसांनी येऊन नेण्याआधी स्वतः कोर्टात हजर होऊन ‘वॉरंट रद्द करावं’ असा अर्ज देणं, याहून चांगला उपाय नाही. सकाळी कोर्ट सुरू होण्याआधी पोचा, वकील नसेल तर त्याच आवारातल्या विधी सेवा समितीत जा. अर्जात कारण साध्या शब्दांत लिहा आणि पुढच्या तारखेला येण्याची तयारी दाखवा.

पोलीस आधीच दारात आले असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अपवादात्मक कारण असल्याशिवाय महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि त्या अपवादालाही महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आणि वॉरंटवर ताब्यात घेतलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे न्यावंच लागतं. वॉरंट जामीनपात्र आहे की नाही ते कागदावरच लिहिलेलं असतं, वाचायला मागा.

बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येते?

येते. पती-पत्नीमधलं खासगी बोलणं उघड करायचं नाही असा नियम साक्ष्य अधिनियमात आहे, पण एकाने दुसऱ्यावर केलेल्या गुन्ह्याच्या खटल्याला तो लागू होत नाही.

पिंजऱ्यात उभं राहून काहीच बोलले नाही तर?

वाजवी कारणाशिवाय उत्तर नाकारल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८८ प्रमाणे ७ दिवसांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. पण आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ म्हणणं म्हणजे नकार नव्हे. कितीतरी बायकांना मारल्याची तारीख आठवत नाही, पण त्या दिवशी नागपंचमी होती आणि पातोळ्या चुलीवर होत्या हे आठवतं. तसंच सांगा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. रडू आलं तर पाणी मागा, थोडं थांबायला मागा.

मला इंग्रजी येत नाही.

यायची गरज नाही. मराठीत किंवा कोकणीत बोला. साक्ष इंग्रजीत लिहून घेतली तरी ती तुम्हाला कळणाऱ्या भाषेत वाचून समजावून सांगावी, असा तुमचा हक्क आहे. सही त्यानंतरच. ‘ढकललं’ आणि ‘मारलं’ यांत फरक असतो. तो इंग्रजीत उतरताना पुसला गेला आहे असं वाटलं तर तिथेच सांगा.

केसवर माझ्या न जाण्याचा काय परिणाम होतो?

पुष्कळ. बंद घरात घडलेल्या गुन्ह्याला दुसरा डोळ्यांनी बघणारा साक्षीदार बहुधा नसतो. बांबोळीच्या इस्पितळातले कागद जखम दाखवतात, ती कुणी केली ते तुम्हीच सांगू शकता. तुम्ही सापडतच नाही असं झालं तर सरकारी बाजूचा पुरावा बंद होतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही. दोन वर्षांनी मन बदललं तरी ते दार उघडत नाही, आणि न जाण्याच्या सगळ्या परिणामांत मला हाच सर्वांत जड वाटतो.

वकील करावा लागतो का? पैसे नाहीत.

साक्षीदाराला वकील सक्तीचा नाही, खटला सरकारी वकील चालवतात. तरी समन्स चुकलं असेल, धमकी असेल किंवा समेट असेल तर स्वतःचा वकील हवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच समितीचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा.

नोकरीवर रजा मिळेल का?

समन्सची प्रत आधी दाखवा. साक्ष झाल्यावर कोर्टाकडून हजेरीचा दाखला मागून घ्या.

तारखेला सोबत काय नेऊ?

समन्स, आधार कार्ड, डब्यात काहीतरी खायला आणि पाण्याची बाटली, कारण पुकारा अकराला होईल की साडेतीनला हे कुणी सांगू शकत नाही. पोलिसांना दिलेल्या जबानीची प्रत असेल तर आदल्या रात्री एकदा वाचून काढा. ती पाठ करू नका, पाठ केलेलं उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. तारखेच्या एक-दोन दिवस आधी सहायक सरकारी वकिलांना भेटून ‘माझी साक्ष त्या दिवशी होणार आहे ना’ असं विचारा. मुलांना शक्यतो शेजारणीकडे ठेवा. बहीण, मावशी, शेजारीण, कुणीतरी सोबत असू द्या, आणि येताना-जाताना नवरा ज्या बसने येतो ती टाळता आली तर टाळा. साक्ष अर्धवट राहिली तर न्यायाधीश पुढची तारीख तोंडी सांगतात, त्यानंतर वेगळं समन्स येईलच असं नाही. ती तारीख तिथेच वहीत लिहून घ्या, बेंच क्लार्कला एकदा विचारून खात्री करा आणि मगच कोर्टाची पायरी उतरा.